आधी पदार्थाचा स्वभाव, मग रंग : बेळगाव सीमाभागातल्या वनस्पतींपासून खाण्यापिण्याचे रंग

मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि कॉटन कँडीत ऱ्होडामिन-बी वापरायला बंदी घातली. जूनमध्ये कबाबातले कृत्रिम रंगही बंद झाले. ऱ्होडामिन-बी हा कापडाला, कागदाला द्यायचा रंग. खाण्यात त्याला आधीही परवानगी नव्हती. बंदीनंतर घरगुती पदार्थ करून विकणाऱ्या बायका आणि गाडीवाले एकच विचारू लागले, मग लाल रंग आणायचा कशानं? उत्तर बहुतेकांच्या डोक्यात तयार असतं: बीट. बिटाचा रस पिठात घालतात, गोबी तळतात आणि कढईतून ती मातकट तपकिरी होऊन निघते. मग नैसर्गिक रंग टिकतच नाहीत, असं ठरवून मोकळे होतात.

दोष बिटाचा नाही, तळणीसाठी बीट निवडण्याचा आहे. तेच बीट दह्यात, लस्सीत, आइस्क्रीममध्ये सुरेख खुलतं. उलट ब्याडगी मिरचीचा रंग तेलात भराभर उतरतो आणि नुसत्या पाण्यात जेमतेम. म्हणून कोणती वनस्पती घ्यायची हे ठरवण्याआधी आपल्या पदार्थाला चार प्रश्न विचारावेत. तो आंबट आहे का? त्यात तेल, तूप, नारळ आहे का? तो किती तापणार? आणि तयार झाल्यावर उजेडात किती दिवस राहणार? या चारांची उत्तरं मिळाली की रंग जवळजवळ आपोआप ठरतो.

आपल्या भागात निवडीला कमतरता नाही. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला भिरंडं (म्हणजे कोकम), करवंदं, जांभळं. रायबाग, चिकोडी, अथणीकडे हळद. हुक्केरी तालुक्यात संकेश्वरची मिरची, आणि धारवाड ओलांडून पुढं गेलं की हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी. बेळगावच्या भाजी मार्केटातून तर गोव्यापर्यंत भाजी जाते. शेताच्या बांधावरची अंबाडी आणि कुंपणावरची गोकर्ण मी यात अजून धरलेलीच नाहीत.

रंगांची पाच कुळं

पहिलं कुळ अँथोसायनिनचं. कोकम, जांभूळ, करवंद, लाल अंबाडीची बोंडं, गोकर्णाचं फूल, जांभळा कोबी ही सगळी त्यातली. हे रंग पाण्यात विरघळतात आणि आंबटपणा बदलला की रंग बदलतात: आंबटात लाल, मध्यम पाण्यात जांभळट, सोड्यात निळसर-हिरवट. गोकर्ण तेवढं वेगळं: साध्या पाण्यात निळं, आंबटात जांभळं. आंबट सरबतासाठी यांच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरं बीटालेनचं: बीट, तांबडी माठ, मायाळूची पिकलेली जांभळी फळं. हे रंगही पाण्यात विरघळतात, पण आंबटपणानं फारसे हलत नाहीत. त्यांचा शत्रू उष्णता. एकाच झाडात अँथोसायनिन आणि बीटालेन एकत्र सापडत नाहीत. त्यामुळे बीट आणि कोकम दिसायला एकमेकांजवळ असले तरी स्वयंपाकघरात अगदी वेगळे वागतात.

तिसरं कुळ कॅरोटिनॉइडचं: मिरची, गाजर, तांबडा भोपळा, झेंडू, शेंदरीच्या बिया. तेलात विरघळणारे, उष्णता बऱ्यापैकी सोसणारे, पण हवा आणि उजेड यांनी हळूहळू फिके पडणारे. चौथं हळदीचं कुरकुमिन. तेही तेलातलं, उष्णतेला दणकट, उन्हाला अगदी कमकुवत. पाचवं पालेभाज्यांचं क्लोरोफिल, जे आंबट आणि जास्त वेळची उष्णता एकत्र आली की शेवाळी होतं.

तुमच्याकडे जी वनस्पती आहे तिचं कुळ ठाऊक नसेल तर घरीच कळतं. तिचा थोडा रस किंवा काढा तीन काचेच्या वाट्यांत घ्या. एकीत लिंबाचे चार थेंब टाका, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा, तिसरी तशीच ठेवा. लिंबानं लाल किंवा जांभळा आणि सोड्यानं निळा-हिरवा झाला तर अँथोसायनिन. लिंबानं फारसा फरक नाही पण पाच मिनिटं उकळल्यावर तपकिरी झुकला तर बीटालेन. पाण्यात रंग उतरलाच नाही आणि कोमट तेलात उतरला तर कॅरोटिनॉइड. पिवळ्याचा सोड्यात लालसर झाला तर हळद. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. ही चाचणी शंभर किलो माल विकत घेण्याआधी करावी, नंतर नाही.

लाल गोबी, लाल कबाब: मिरचीचं तेल

तेलकट, तळलेल्या, गरम पदार्थाला ब्याडगीच. 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची रंगासाठीच जगभर विकली जाते. तिच्या रंगाचा मसाला व्यापारातला आकडा 150 ते 250 एएसटीए धरतात (एएसटीए हे मिरचीचा रंग मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितका रंग गडद). त्यातली आखूड, फुगीर, सुरकुतलेली ‘डब्बी’ रंगाला श्रेष्ठ आणि तिखटाला सौम्य. लांब, बारीक ‘कड्डी’ जरा तिखट. संकेश्वरी मिळाली तर चवीसाठी थोडी मिसळा. लालभडक दिसते म्हणून गुंटूर घेऊ नका. हवा तेवढा रंग येईपर्यंत पदार्थ तिखटजाळ होऊन बसेल.

मिरच्यांचे देठ काढा, बिया झाडून टाका. बियांत रंग नसतो आणि त्या तेल कडवट करतात. मिरच्या कडक उन्हात पुरेशा वाळवा, हातात मोडल्या की कट आवाज आला पाहिजे. मग मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. 100 ग्रॅम भरडीला साधारण 300 मिलिलिटर शेंगतेल घ्या. तेल मंद तापवा आणि भरडीचा एक कण टाकून पाहा. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे आले आणि तो काळा पडला नाही, की गॅस बंद करून सगळी भरड घाला. तेलातून धूर निघत असेल तर थांबा, निवू द्या. जळलेल्या मिरचीतून लाल रंग परत मिळत नाही. झाकण ठेवून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी कोरड्या कापडातून गाळून गडद बाटलीत भरा. यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. ओली मिरची, लसूण, आलं घातलेलं तेल बाहेर ठेवणं धोक्याचं, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. लसूण हवाच असेल तर पदार्थ करताना घाला. गाळून उरलेली भरड टाकू नका, शेंगदाण्याच्या चटणीत ती छान लागते.

आता गोबी. गाडीवर रंग पिठात घालायची पद्धत आहे, आणि तळणीच्या आचेला सर्वांत जास्त सामोरा जातो तो पिठातलाच. आपण उलट करू. पिठात फक्त भिजवून गुळगुळीत वाटलेली आणि गाळलेली ब्याडगीची पेस्ट घाला, अर्ध्या किलो फ्लॉवरला दोन चमचे. गोबी तळून बाजूला ठेवा. रंग आणायचा तो शेवटच्या परतणीत: कढईत मिरचीचं तेल दोन मोठे चमचे, त्यात आलं-लसूण, कांदा, मग पेस्टचा आणखी एक चमचा तेल सुटेपर्यंत, टोमॅटो, व्हिनेगर, आणि मग गोबी. ती विटेसारखी लाल होते आणि तेलामुळे चकाकते. ऱ्होडामिनचा तो गुलाबी झाक असलेला भडकपणा येत नाही आणि यायलाही नको. भाजीतून, मिरचीतून तसा रंग कधी निघतच नाही, तसा दिसला की खाणाऱ्यानं संशय घ्यावा. कबाबासाठी हीच पेस्ट घट्ट दही आणि चिमूटभर हळदीत कालवून मुरवा.

भिरंड

इकडच्या डोंगरी पट्ट्यात कोकमाला भिरंड म्हणतात, आणि आंबट पेयासाठी आपल्याकडे त्यापेक्षा चांगला रंग नाही. त्याच्या सालीत रंग आणि आम्ल एकाच जागी असतं, त्यामुळे अँथोसायनिनला हवा तो आंबटपणा बाहेरून द्यावाच लागत नाही. फळं एप्रिल-मे महिन्यांत येतात. पहिल्या जोरदार पावसात सापडलेली फळं लवकर कुजतात, तेव्हा वळवाचं वातावरण दिसलं की उतरवून घ्या. काळपट लाल, बोटानं दाबली की किंचित दबणारी फळं निवडा. हिरवट छटा असलेली एक-दोन दिवस पसरून ठेवली की रंग धरतात.

अमृत कोकमासाठी फळं धुऊन, पुसून, कोरडी करून अर्धी कापा. गर आणि बिया वेगळ्या काढा. बियांपासून भिरंडेल निघतं, पण तो वेगळा विषय. सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्या. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सालींचा एक थर, साखरेचा एक थर असं रचत जा आणि वरचा थर साखरेचाच ठेवा. तोंडाला कापड बांधा. रोज स्वच्छ, कोरड्या लाकडी चमच्यानं हलवा. आठवडाभरात साखर विरघळून साली आक्रसतात, मग गाळा. पूर्वी बरणी उन्हात ठेवायचे. ऊब मिळते म्हणून साखर लवकर विरघळते हे खरं, पण उजेडानं रंग उतरतो. काचेची बरणी असेल तर ती जाड कापडात गुंडाळून उन्हात ठेवा, म्हणजे ऊब मिळेल आणि उजेड लागणार नाही. गाळलेल्या पाकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. एका भागाला पाच-सहा भाग गार पाणी पुरतं.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला अर्क, करायचं असेल तर साखरेऐवजी मीठ, सालींच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं. यात लोखंड, तांबं, ॲल्युमिनिअम यांपैकी काहीही लागू देऊ नका. लोखंडानं रंग काळपट-निळसर होतो आणि आम्ल भांड्याचा धातू खातं. चमचा स्टीलचा किंवा लाकडाचा.

विकायचं सरबत टिकवण्यासाठी बरेच जण दुकानातून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणतात, कारण आंब्याच्या, लिंबाच्या स्क्वॅशमध्ये तेच घातलेलं पाहिलेलं असतं. कोकम, जांभूळ, करवंद, अंबाडी यांत ते चालत नाही. त्यातून निघणारा गंधक वायू अँथोसायनिनचा रंग धुऊन काढतो आणि लाल सरबत फिकुटतं. अशा रंगीत रसांना सोडियम बेन्झोएट वापरतात, तेही कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत आणि छोट्या काट्यावर तोलून. चमच्यानं अंदाजे घालायची ही वस्तू नव्हे. पाक 65 टक्क्यांपेक्षा जास्त साखरेचा असेल आणि बाटली नीट उकळून घेतली असेल तर घरच्या वापराला तेवढंही लागत नाही. आणखी एक: साठवायच्या कोकम सरबतात लिंबू पिळू नका. क जीवनसत्त्व या रंगाला हळूहळू मोडतं. लिंबू हवं तर ग्लासात.

सोलकढीत मात्र रंगाची अपेक्षा कमी ठेवा. नारळाचं दूध आंबटपणा सौम्य करतं, त्यामुळे खरी सोलकढी फिकट गुलाबी असते. हॉटेलात गडद गुलाबी दिसली तर त्यात बीट असण्याची शक्यता मोठी. त्यात वाईट काही नाही, पण विकताना साहित्यात बीट लिहायला हवं.

करवंद आणि जांभूळ यांची रीत साधारण हीच, फरक एवढाच की त्यांचा रंग सालीला चिकटलेला असतो. गर सालीसकट 65 ते 70 अंशांपर्यंत गरम करून दहा मिनिटं ठेवला आणि मग गाळला तर रंग पुरता उतरतो. जांभळाची बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका.

लाल अंबाडी

कानडीत हिला पुंडी म्हणतात, आणि पुंडीची भाजी-भाकरी इकडे घरोघरी होते. सरबताला मात्र भाजीची हिरवी अंबाडी नव्हे, जिच्या बोंडावरच्या पाकळ्या जाड, रसाळ आणि गडद लाल होतात ती जात हवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर टाकली की नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं तयार. कमी पाण्यावर येते, कीडही फार पडत नाही. शेतकऱ्यांनी हिच्याकडे अजून लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण वाळवलेल्या पाकळ्या वर्षभर विकता येतात आणि शहरात यालाच ‘हिबिस्कस टी’ म्हणून चांगला भाव मिळतो.

बोंड अजून कोवळं, बी टणक होण्याआधी तोडा. बुडाशी बारीक नळी खुपसून बियांचा गोळा ढकलून काढा, उरतात त्या पाकळ्या. धुऊन, निथळून सावलीत वाळवा. दमट दिवस असतील तर ड्रायरमध्ये 50 अंशांवर. चुरचुरीत झाल्या की हवाबंद, गडद डब्यात. एक लिटर पाण्याला 8 ते 10 ग्रॅम पुरतात. उकळत्या पाण्यात घालून गॅस लगेच बंद करायचा, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळायचं. वेळ असेल तर रात्रभर गार पाण्यात भिजवा, रंग जास्त स्वच्छ येतो आणि तुरटपणा कमी.

पाण्याकडे लक्ष द्या. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण आजूबाजूच्या अनेक वाड्यावस्त्यांवर बोअरचं. बोअरचं जड पाणी क्षारयुक्त असतं आणि त्यात अंबाडीचा लाल रंग मळकट जांभळ्याकडे झुकतो. अशा वेळी आधी पाण्यात थोडं लिंबू पिळावं, मग पाकळ्या घालाव्यात. गोडीसाठी गूळ घातला तरी रंग काळवंडतो. गुळाचं सरबत म्हणूनच करायचं असेल तर रंगाची आशा सोडून गडद गूळच घ्यावा. पिवळाधमक, लखलखीत गूळ पुष्कळदा हायड्रॉस नावाचं रसायन घालून उजळलेला असतो.

बीट

बिटाला गार, थोडंसं आंबट आणि लवकर संपणारं पेय द्या, मग पाहा. माझ्या मते बिटाचा आपल्याकडचा सर्वांत चांगला उपयोग आइस्क्रीमपेक्षाही जोंधळ्याच्या आंबिलीत आहे. नाचणीचा स्वतःचा तपकिरी रंग बिटाला झाकोळतो. जोंधळा पांढरा, त्यावर गुलाबी रंग स्वच्छ उठतो. चार मोठे चमचे जोंधळ्याचं पीठ रात्री ताकात भिजवा. सकाळी तीन पेले पाणी उकळून त्यात ते ओता, ढवळत शिजवा, मीठ घाला आणि पूर्ण निवू द्या. मग वरून ताक. अगदी शेवटी किसलेल्या कच्च्या बिटाचा पिळलेला रस, पेल्याला दोन-तीन चमचे. ताकाच्या आंबटपणात बिटाचा रंग स्थिर राहतो, आणि पेल्यात आलेलं हे पेय मुलंसुद्धा हट्टानं मागतात. बिटाचा मातीसारखा वास आवडत नसेल तर आल्याचा रस आणि लिंबू तो बराच दाबतात.

पावडर करायची झाली तर बीट सोलून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. दोन मिनिटं वाफ द्या, म्हणजे रंग तपकिरी करणारे विकर (एन्झाइम) थांबतात. पाण्यात उकळलंत तर रंग पाण्यात जाईल. मग 50 ते 55 अंशांत वाळवा. चकती वाकली नाही, तुटली, की झालं. एक किलो बिटातून साधारण 100 ते 120 ग्रॅम पावडर निघते. उरलेलं बहुतेक पाणीच. ही पावडर ओलावा फार लवकर ओढते, म्हणून छोट्या पाकिटांत भरा. दही-रायतं, लस्सी, आइस्क्रीम, केकवरचं क्रीम, लाडूवर लावायची पूड यांना उत्तम. शेवया आणि वाफवलेल्या पदार्थांत थोडी फिकी होते पण चालते. पापड, कुरडई तळायची असेल तर बीट नको. तिथं मिरचीचं तेल, हळद किंवा तांबडा भोपळा.

ग्राहकाला सांगून ठेवा की बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लालसर होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण माहीत नसेल तर माणूस थेट दवाखाना गाठतो.

हळदीचं पेय आणि त्याचा साका

हळद पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे बाटलीतल्या हळद सरबताच्या तळाशी साका बसतो आणि वर फिकट पाणी उरतं. यावर उपाय स्निग्ध पदार्थाचा. जानेवारी ते मार्च बाजारात ओली हळद येते. ती सोलून नारळाच्या घट्ट दुधात बारीक वाटा, मिरी घाला, गाळा, आणि हा अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा गरम दुधात टाकला की पेय तयार. मिरीतलं पायपरिन कुरकुमिन शरीरात शोषलं जायला मदत करतं, म्हणून मिरी चवीपुरती नसून तिचं काम आहे.

तळणं, वाफवणं, भाजणं हळद सगळं सोसते, पण दुकानाच्या खिडकीत ऊन खाणारी पारदर्शक बाटली आठवड्याभरात फिकी पडते. सोडा घातलेल्या ढोकळ्यात हळद नीट मिसळली नसेल तर लाल ठिपके येतात. आधी हळद कोरड्या पिठात चाळून घ्या, सोडा मोजूनच घाला आणि तो शेवटी.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्या बाजूची बरीच हळद त्याच बाजारात जाते. सुटी पूड घेताना एक चमचा पूड ग्लासभर पाण्यात टाकून न ढवळता ठेवा. शुद्ध पूड खाली बसते आणि वरचं पाणी फिकं पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर त्यात बाहेरचा रंग आहे. शक्य असेल तिथं हळकुंडं घेऊन दळून आणा.

हिरवा आणि निळा

पालक, शेवगा, कोथिंबीर यांचा हिरवा रंग राखायचा तर उघड्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग वाटण. झाकण ठेवलं की भाजीतलं आम्ल आतच राहतं आणि रंग मरतो. लिंबू वाढताना. सोडा घातल्यानं रंग हिरवागार राहतो, पण जीवनसत्त्वं जातात आणि भाजी लिबलिबीत होते. मी तो वापरू नका म्हणेन.

गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की गडद निळं पाणी होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं. भातात, खिरीत निळा रंग टिकतो. घरच्या कुंपणाची, फवारणी न झालेली फुलंच घ्या. गरोदर बायकांनी ते टाळलेलं बरं. झेंडूत ल्युटिन हा पिवळा रंग भरपूर असतो आणि त्याचा अर्क काढणारे कारखाने दक्षिणेत आहेत, पण बाजारातली हाराची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात. ती खाण्यात घालू नका.

विकायला काढण्याआधी

बाटलीबंद पेयाचा आंबटपणा मोजायला पीएचच्या कागदी पट्ट्या आणा. पीएचचा आकडा जितका कमी तितकं पेय आंबट. तो 4.6 च्या खाली असला पाहिजे, चारच्या खाली असेल तर निर्धास्त. कोकम, अंबाडी, करवंद सहज त्यात बसतात. बिटाचा नुसता रस, गाजर, हळदीचं नारळदूध बसत नाहीत. ते घरच्या पद्धतीनं बाटलीबंद करून बाहेर ठेवणं धोकादायक. ते फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा किंवा गोठवा. आंबट पेय 85 ते 90 अंशांपर्यंत गरम करून, उकळलेल्या गरम बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकण लावून आडवं करा आणि मग लवकर गार करा. जास्त वेळ गरम राहिलं तर रंग जातो.

भारतात खाद्यरंग म्हणून मान्य असलेल्या नैसर्गिक रंगांच्या यादीत कॅरोटीन, क्लोरोफिल, रायबोफ्लेविन, कॅरॅमल, शेंदरीपासूनचा ॲनाटो, केशर आणि हळद ही नावं आहेत. कृत्रिम रंग आठच मान्य आहेत, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. बीट, कोकम, अंबाडी आपण पदार्थाचा घटक म्हणून घालतो, तेव्हा साहित्यात त्यांची नावं जशीच्या तशी लिहा. गोकर्णासारखं काही विकायचं असेल तर आधी तालुक्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून घ्या. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. त्याखाली मराठी आणि कानडी दोन्ही छापा, इथलं गिऱ्हाईक दोन्हीतलं आहे.

‘फंक्शनल फूड’ म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराला उपयोगी पडणारं काही देणारं अन्न. या शब्दाच्या आधारानं ‘मधुमेह बरा करतो’, ‘बीपीवर रामबाण’ असं छापणं बेकायदा आहे आणि लोकांशी अन्यायाचंही. जांभूळ-कोकमात अँटिऑक्सिडंट आहेत, बिटात नायट्रेट आहे, एवढं सांगता येतं. उलट सावधगिरीच्या गोष्टी ठळक सांगा: मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बीट आणि पालक बेतानं घ्यावेत, कारण त्यांत ऑक्झलेट असतं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी हळदीचं दाट पेय रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी अंबाडीचा चहा आणि बिटाचा रस यांबाबत तेच करावं. अमृत कोकमात साखर खूप असते, हे मधुमेही गिऱ्हाइकाला बाटली देतानाच सांगावं आणि त्याच्यासाठी आगळाची, मीठ-जिऱ्याची बाटली वेगळी ठेवावी.

तांत्रिक मदतीला म्हैसूरची सीएफटीआरआय ही 1950 पासूनची अन्नतंत्रज्ञान संस्था आहे. ती प्रक्रियेचं तंत्रज्ञान उद्योजकांना देते. जवळचं म्हणाल तर गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. कोकमाची लागवड करणाऱ्यांना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती पाहता येतील. कलमी रोपं मागा. बियांपासूनच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर झाडं निघतात, आणि ते फुलायला लागेपर्यंत ओळखता येत नाही.